साठावा सेकंद

४ जुलै २००८. सहा महिने बाकी

एक सेकंद वाढणार आहे, हे जगाला सहा महिने आधी कळलं होतं. पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब ठेवणाऱ्या आयईआरएस या आंतरराष्ट्रीय सेवेने पॅरिसच्या वेधशाळेतून त्या दिवशी पत्रक काढलं: बुलेटिन सी, क्रमांक ३६. त्यात लिहिलं होतं की यूटीसी वेळेनुसार ३१ डिसेंबर २००८ रोजी २३:५९:५९ नंतर २३:५९:६० असा एक जादा सेकंद मोजावा आणि मगच नवं वर्ष सुरू करावं. पृथ्वी अणुघड्याळाच्या तुलनेत किंचित रेंगाळते. तिला गाठू देण्यासाठी घड्याळ एक सेकंद थांबवायचं, हा १९७२ पासूनचा रिवाज. हा चोविसावा लीप सेकंद.

भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणून आपल्याकडे हा सेकंद मध्यरात्री येत नाही. तो येतो १ जानेवारीच्या पहाटे, ५ वाजून २९ मिनिटांचा साठावा सेकंद बनून. या सेकंदात जगभरातले काही लिनक्स सर्व्हर जागीच थिजले. पडद्यावर ना चूक झाल्याचा संदेश, ना धूर, ना आवाज. पुन्हा वीज बंद-चालू करेपर्यंत ते कोणालाच उत्तर देईनात.

हा घटनाक्रम मी मुरगूडच्या वेळेने मांडतो आहे. कारण सोपं आहे: संगणकाची मध्यरात्र आपल्या पहाटेत पडते, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय गोष्ट उलगडत नाही. वेदगंगेकाठच्या या गावात सूर्याची वेळ भिंतीवरच्या घड्याळाच्याही अर्धा तास मागे असते, कारण प्रमाणवेळेचं रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांवर आहे आणि मुरगूड चौऱ्याहत्तर अंशांच्या जरा पुढे. सूर्याची वेळ, देशाची वेळ आणि संगणकाची वेळ अशा तीन वेळा इथे एकाच वेळी चालू असतात.

३१ डिसेंबर, बुधवार, पहाटे ५:३०. चोवीस तास बाकी

यूटीसीतला ३१ डिसेंबर आत्ता सुरू झाला. जगातले सर्व्हर आपली घड्याळं एनटीपी या व्यवस्थेने जुळवतात; ती डेलावेअर विद्यापीठाच्या डेव्हिड मिल्स यांनी रचली. वेळ सांगणाऱ्या प्रत्येक पाकिटात त्यांनी दोन बिटं राखून ठेवली आहेत. एरवी ती शून्य असतात. आज त्यांत एक आकडा आहे आणि त्याचा अर्थ असा: आजच्या शेवटच्या मिनिटात एकसष्ट सेकंद आहेत.

सर्व्हरवर चालणारा एनटीपीचा प्रोग्राम ही बिटं वाचतो आणि कर्नलला कळवतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, स्वतःजवळ एक खूण करून ठेवतो: आज दिवस संपताना एक सेकंद घालायचा आहे. बस्स, एवढंच. कोणी काही टाइप केलेलं नाही, नवं सॉफ्टवेअर बसवलेलं नाही. सर्व्हर कालसारखाच चालू आहे. पण आजवर बंद असलेली एक वाट आता उघडी झाली आहे, आणि चोवीस तासांनी कर्नल त्या वाटेने जाणार आहे.

सकाळी १०. साडेएकोणीस तास बाकी

ती वाट नेमकी कशी आहे, हे पाहायला आत्ता वेळ आहे.

कर्नलमधल्या वेळेभोवती एक लॉक असतो. वेळ बदलणाराने तो लॉक घ्यायचा, बदल करायचा, लॉक सोडायचा. नुसती वेळ वाचणाऱ्यांना लॉक घ्यावा लागत नाही. त्यांनी एक आकडा पाहायचा: तो विषम असेल तर कोणीतरी वेळ बदलतं आहे, थांबा; सम झाला की वाचा. वेळ एका सेकंदात हजारो वेळा वाचली जाते, म्हणून वाचणं स्वस्त ठेवलेलं. रचना सुबक आहे. फक्त एक अट आहे: लॉक घेतलेल्याने, आकडा विषम असताना, चुकूनही कोणाला वेळ विचारायची नाही. स्वतःही विचारायची नाही, आणि ज्याला हाक मारू त्यानेही विचारता कामा नये.

लीप सेकंदाची ती वाट, म्हणजे कोडची ती फांदी, या लॉकच्या आत आहे. तिथे कर्नल एक सेकंद मागे जातो, आणि मग एक ओळ छापतो: घड्याळात लीप सेकंद घातला, २३:५९:६० यूटीसी. ही ओळ छापायला कर्नलकडे प्रिंट-के नावाचं फंक्शन आहे. कर्नल लिहिणाऱ्या कोणाच्याही हाताशी सगळ्यात आधी येणारं हे साधन. कुठूनही बोलवा, मजकूर छापून देतं. म्हणून त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

याच फांदीत आणखी एक ओळ पूर्वी होती. घड्याळ सरकवलं, आता सगळ्या प्रोसेसरांनी आपापले टायमर जुळवून घ्यावेत, अशी सूचना ती देत असे. २००७ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर यांच्या लक्षात आलं की लॉक हातात असताना, तेही इंटरप्टच्या, म्हणजे चालू काम अडवून आलेल्या सूचनेच्या, आत, सगळ्या प्रोसेसरांना हाक मारून त्यांच्या उत्तराची वाट पाहणं म्हणजे डेडलॉकला, कधीच न सुटणाऱ्या कोंडीला, आमंत्रण. त्यांनी ती ओळ काढून टाकली. म्हणजे या फांदीतला एक धोका वाचून, डोळ्यांनी सापडला होता. शेजारचा प्रिंट-के तसाच राहिला. या दोन्ही गोष्टींचा हिशेब पुढे येणार आहे, एकाचा उद्या पहाटे आणि दुसऱ्याचा साडेतीन वर्षांनी.

दुपारनंतर

अमेरिकेत ३१ तारीख लागली आणि मायक्रोसॉफ्टची झून नावाची गाणी ऐकायची यंत्रं गोठू लागली. २००६ साली आलेलं तीस जीबीचं मॉडेल. २००८ हे लीप वर्ष, आजचा दिवस ३६६ वा, आणि घड्याळाच्या ड्रायव्हरमधला दिवस मोजणारा लूप नेमका ३६६ वर अडकून फिरत राहिला. मायक्रोसॉफ्टचा उपाय: बॅटरी पूर्ण उतरू द्या, उद्या पुन्हा चालू करा.

आपल्या गोष्टीशी याचा थेट संबंध नाही. तो डेडलॉक नव्हता. पण एकाच दिवशी वेळ मोजणाऱ्या दोन वेगळ्या प्रोग्रामांत दोन वेगळ्या क्वचित येणाऱ्या फांद्या उघडल्या, हा योगायोग मला नोंदवावासा वाटतो. चार वर्षांतून एक दिवस येणारी फांदी चाचणीत निसटते. मग अनेक वर्षांतून एक सेकंद येणारी फांदी निसटणार नाही तर काय!

संध्याकाळी ६. साडेअकरा तास बाकी

हा धोका आधी ओळखणारं साधन नव्हतं का? होतं, आणि फार चांगलं होतं.

डेडलॉकची नेहमीची गोष्ट दोन लॉकची असते. अरुंद मोरीवर उसाच्या दोन ट्रॉल्या समोरासमोर येतात. प्रत्येकीने अर्धी मोरी धरली आहे आणि प्रत्येकीला उरलेली अर्धी हवी आहे. एका कामाने पहिला लॉक धरून दुसरा मागितला, दुसऱ्याने दुसरा धरून पहिला मागितला. १९७१ मध्ये कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी अशा कोंडीच्या चार अटी मांडल्या, त्यातली शेवटची हीच: वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ. वर्तुळ मोडायचं तर सगळ्यांनी लॉक एकाच क्रमाने घ्यायचे. पण कर्नलमध्ये लाखो ओळी आणि शेकडो लिहिणारे. क्रम पाळला जातो आहे हे बघायचं कोणी?

हंगेरीचे इंगो मोल्नार यांनी आर्यन व्हॅन डी वेन यांच्या साथीने २००६ मध्ये याला उत्तर दिलं. लॉकडेप. त्या सप्टेंबरात आलेल्या लिनक्स २.६.१८ मध्ये तो आला. त्याची युक्ती अशी की तो डेडलॉक होण्याची वाट पाहत नाही. कोणी पहिला लॉक धरून दुसरा घेतला की तो एक बाण काढून ठेवतो: पहिल्याकडून दुसऱ्याकडे. दोन दिवसांनी, पूर्ण वेगळ्या कामात, कोणी दुसरा धरून पहिला घेतला की उलटा बाण काढताना वर्तुळ पूर्ण होतं, आणि लॉकडेप तिथेच ओरडतो. दोन्ही कामं एकमेकांना कधी भेटलेलीही नसतात. भेटली असती तर काय झालं असतं, एवढं तो सांगतो. शक्यता पकडणारं असं साधन हातात आल्यावर कर्नलचं काम बदललं. ज्या कोंड्या वर्षातून एकदा, कोणाच्या तरी सर्व्हरवर, मध्यरात्री घडायच्या, त्या लिहिणाऱ्याच्या टेबलावर दिवसाउजेडी दिसू लागल्या.

पण त्याच्या दोन मर्यादा आहेत. पहिली: प्रत्येक वाटेवरून निदान एकदा तरी कर्नल चालून गेला पाहिजे. न चाललेल्या वाटेवरचा बाण लॉकडेपच्या वहीत नसतो. दुसरी: ज्या लॉकची त्याला ओळख करून दिली आहे तोच त्याला दिसतो. वेळ वाचणाऱ्यांचा तो सम-विषम आकडा तेव्हा त्याला दिसत नव्हता. शिवाय लॉकडेपने यंत्र मंदावतं, म्हणून प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर तो बंदच ठेवतात. तो चाचणीच्या कर्नलमध्ये चालतो.

आता हिशेब बघा. १९९८ च्या डिसेंबरनंतर २००५ च्या डिसेंबरपर्यंत एकही लीप सेकंद आला नाही. लिनक्सची २.६ ही मालिका २००३ च्या अखेरीस आली, म्हणजे तिला पहिला लीप सेकंद भेटला तो २००५ मध्ये. त्यानंतरचा आजचा. मधल्या तीन वर्षांत वेळेच्या आणि कामांच्या वाटपाच्या कोडची मोठी उलथापालथ झाली: २००६ मध्ये नवे सूक्ष्म टायमर, २००७ मध्ये नवा शेड्युलर. ती छापण्याची ओळ मात्र होती तिथेच. तिच्या आजूबाजूला ज्यांनी बदल केले त्यांना ही ओळ आपल्या वाटेत येते असं वाटण्याचं काही कारणच नव्हतं.

रात्री १२. साडेपाच तास बाकी

मुरगुडात नवं वर्ष लागलं. कर्नलच्या लेखी अजून जुन्या वर्षाचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. भारतातल्या कोणत्याही सर्व्हरला या मध्यरात्री काही होत नाही.

पहाटे २. साडेतीन तास बाकी

ही सर्व्हरांची कामाची वेळ. दिवसाचा हिशेब बंद होतो, बॅकअप चालतात, डिस्कवर डोंगरभर लिहिलं जातं. म्हणजे फाइल सिस्टीमची वेळ. आणि डेडलॉकची शक्यता शोधण्याचं काम खरं कठीण आहे ते इथेच, म्हणून इथे जरा थांबतो.

फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलला, प्रत्येक फोल्डरला स्वतःचा लॉक असतो. लाखो लॉक. लॉकडेप ते लाखो वेगवेगळे धरत नाही, एकाच वर्गात घालतो, नाहीतर त्याची वही पुरणार नाही. पण मग अडचण येते. एका फोल्डरमधून दुसऱ्यात काही हलवताना दोन्ही फोल्डरांचे लॉक घ्यावेच लागतात, आणि लॉकडेपला ते एकच लॉक दोनदा घेतल्यासारखे दिसतात. म्हणून फाइल सिस्टीम लिहिणाराने सांगावं लागतं: हा पालक, हे मूल. सांगताना चूक झाली तर साधन खोटं ओरडतं किंवा खरं असताना गप्प बसतं.

फोल्डर हलवण्याची एक कोंडी फारच बोलकी आहे. समजा, डिस्कवर मुरगूड आणि निपाणी असे दोन फोल्डर आहेत. एक काम मुरगूडला निपाणीच्या आत हलवतंय. त्याच क्षणी दुसरं काम निपाणीला मुरगूडच्या आत हलवतंय. दोघांना आपापलं होऊ दिलं तर दोन्ही फोल्डर एकमेकांच्या पोटात जातील आणि डिस्कच्या झाडापासून तुटून पडतील. लॉकने थांबवायला गेलं तर दोघं उलट क्रमाने लॉक घेतील आणि कोंडी होईल. लिनक्समध्ये यावर अल् विरो यांनी लिहून ठेवलेला नियम आहे: फोल्डरापलीकडे काही हलवायचं तर त्या डिस्कवर एका वेळी एकानेच हलवायचं, आणि लॉक घेताना पूर्वज आधी. त्या छोट्या दस्तऐवजात हा क्रम पुरेसा का आहे याची सिद्धता आहे, भूमितीत असते तशी. फाइल सिस्टीम लिहू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी ती वाचावी, असं माझं मत आहे. साधनं आपल्या जागी आहेत. पण क्रम बरोबर का, हे माणसाला सांगता आलं पाहिजे.

आणखी अवघड आहेत त्या वाटा, जिथे वाट पाहिली जाते पण लॉक दिसत नाही. फाइल सिस्टीमला काम करताना स्मृती लागते. ती मागितली आणि शिल्लक नसेल, तर कर्नल स्मृतीची जुनी पानं मोकळी करायला निघतो. त्यातली काही पानं डिस्कवर लिहायची राहिलेली असतात. ती लिहायला तो पुन्हा त्याच फाइल सिस्टीमकडे येतो. ती तर लॉक धरून स्मृतीची वाट पाहत उभी आहे! यात दोन लॉकचं वर्तुळ नाही. एका बाजूला लॉक, दुसऱ्या बाजूला स्मृती. म्हणून कर्नलमध्ये स्मृती मागताना एक खास खूण करता येते: स्मृती द्या, पण त्यासाठी फाइल सिस्टीमला हाक मारू नका. ही खूण करायला विसरलं तर चूक वर्षभर दिसत नाही. ज्या रात्री स्मृती संपते त्याच रात्री दिसते.

याच २००९ सालात निक पिगिन यांनी ही वाटही लॉकडेपला दाखवून दिली. स्मृती मोकळी करण्याच्या कामाला एक खोटा लॉक मानायचं. आता सर्व्हरवर स्मृती प्रत्यक्ष संपायची गरज उरली नाही. भरपूर स्मृती असताना, चाचणीच्या यंत्रावर, लॉकडेप सांगू शकतो की ही फाइल सिस्टीम एखाद्या रात्री कोंडीत सापडेल. पुढे जर्नलचे व्यवहार, बॅकअपसाठी फाइल सिस्टीम गोठवणं, अशा अनेक प्रतीक्षांना असेच खोटे लॉक जोडले गेले. माझ्या लेखी लॉकडेपच्या मूळ कल्पनेइतकंच हे काम मोलाचं आहे. जिथे कोणी थांबतं ती प्रत्येक जागा शोधून तिला नाव द्यायचं, म्हणजे ती जागा साधनाला दिसते.

पहाटे ४:३०. एक तास बाकी

मुरगुडात गोठ्यांतले दिवे लागलेत. गळीत हंगाम आहे, हमीदवाड्याच्या कारखान्याच्या वाटेवर उसाची वाहनं आहेत. थोड्या वेळात दूध संस्थेत माप सुरू होईल. इथल्या दुकानांतल्या आणि कार्यालयांतल्या विंडोजच्या संगणकांना आज काहीच होणार नाही. त्या काळचं विंडोज लीप सेकंद मोजतच नसे, पुढच्या जुळवणीत एक सेकंदाची दुरुस्ती करून मोकळं होई. धोका आहे तो दूरच्या खोल्यांत रांगेने उभ्या असलेल्या, रात्रंदिवस चालणाऱ्या आणि वेळेच्या बाबतीत सगळ्यात काटेकोर असलेल्या यंत्रांना. ज्याने एनटीपी नीट बसवला, वेळ अचूक ठेवली, त्याचीच यंत्रं धोक्यात. ज्याने हयगय केली त्याच्या यंत्राला लीप सेकंदाची बातमीच पोचलेली नाही.

५:२९:५९. एक सेकंद बाकी

लिनक्सची वेळ हा एक आकडा असतो, १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद. आत्ता तो १२३०७६७९९९ आहे.

५:२९:६०

आकडा १२३०७६८००० होतो. घड्याळाचा इंटरप्ट येतो. एक प्रोसेसर वेळेचा लॉक घेतो. लॉकचा सम आकडा विषम होतो. दिवस संपला का? संपला. लीप सेकंदाची खूण आहे का? आहे. सेकंद एकाने मागे, वेळेचा आकडा पुन्हा १२३०७६७९९९.

मग ती ओळ. प्रिंट-के.

प्रिंट-के मजकूर स्मृतीत ठेवतो. तो डिस्कवरच्या नोंदवहीत लिहिणारा के-लॉग-डी नावाचा प्रोग्राम झोपलेला आहे. त्याला जागं करायला हवं. जागं करणं हे शेड्युलरचं काम, म्हणून प्रिंट-के शेड्युलरला हाक मारतो. काही यंत्रांत, त्या क्षणीच्या परिस्थितीत, शेड्युलरला टायमर लावावा लागतो, आणि टायमर लावायला आत्ता किती वाजलेत ते हवं.

तो वेळ विचारतो.

लॉकचा आकडा विषम आहे. म्हणजे कोणीतरी वेळ बदलतं आहे, थांबायचं. तो थांबतो. ज्याने लॉक घेतला आहे तो हाच प्रोसेसर आहे. लॉक सोडायची ओळ या थांबण्याच्या पलीकडे आहे. दुसऱ्या प्रोसेसरांवरची कामं काही क्षण चालतात, मग त्यांनाही कधीतरी वेळ लागते, आणि तेही एकेक करून आकडा सम होण्याची वाट पाहू लागतात. तो कधीच सम होणार नाही.

दोन लॉकसुद्धा लागले नाहीत. एक लॉक, एकच प्रोसेसर, आणि लीप सेकंद घातल्याची नोंद करण्याची इच्छा. जी नोंद करताना यंत्र मेलं, ती नोंदही डिस्कवर पोचली नाही. त्यामुळे नंतर कारण शोधणाऱ्याला नोंदवहीत काही सापडेना. शेवटची ओळ जुन्या वर्षातली, आणि पुढे काहीच नाही.

५:३० आणि नंतर

सगळे सर्व्हर पडले नाहीत. शेड्युलर त्या क्षणी कोणत्या फांदीने गेला यावर सगळं अवलंबून होतं. एकाच खोलीतली, एकाच आवृत्तीची दोन यंत्रं, एक चालू आणि एक थिजलेलं. यामुळेच अशी चूक शोधणं जीव खातं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत कर्नलच्या लेखकांपर्यंत तक्रारी गेल्या, वेळ जुळवून पाहिली तेव्हा सगळ्यांचा मृत्यूचा क्षण एकच निघाला, आणि मग कोडमधून माग काढत लोक त्या ओळीपर्यंत आले. दुरुस्ती साधी होती: लॉक हातात असताना छापू नका. आजच्या कर्नलमध्ये तिथे मजकूर नुसता टिपून ठेवतात आणि छापणं नंतर होतं.

१ जुलै २०१२, रविवार, पहाटे ५:२९:६०

पुढचा लीप सेकंद. या वेळी जय्यत तयारी होती. टाइमकीपिंगच्या कोडची जबाबदारी सांभाळणारे जॉन स्टुल्ट्झ यांनी त्याच मार्चमध्ये या फांदीतली आणखी एक कोंडी दुरुस्त केली होती. तरी पहाटे जगभर सर्व्हर तापले. रेडिट, लिंक्डइन, मोझिला यांच्या सेवा अडखळल्या. अमॅडियसच्या प्रणालीवर चालणारं क्वांटास विमान कंपनीचं चेक-इन बंद पडलं आणि ऑस्ट्रेलियाच्या विमानतळांवर कर्मचारी हाताने प्रवासी नोंदवू लागले.

कारण? २००७ मध्ये काढलेली ती ओळ. घड्याळ एक सेकंद मागे गेलं, पण टायमरांना कोणी सांगितलं नाही. ते एक सेकंद पुढेच राहिले. एका सेकंदाहून कमी झोपायला निघालेले अनेक प्रोग्राम झोपताक्षणी उठवले गेले, पुन्हा झोपले, पुन्हा उठले. जावाचे प्रोग्राम, डेटाबेस, सगळे शंभर टक्के प्रोसेसर खात गोल फिरत राहिले. उपाय होता यंत्राची तारीख तीच पुन्हा लावणं; तेवढ्याने टायमरांना बातमी लागे.

ग्लाइक्सनर यांनी २००७ मध्ये जे केलं ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. धोका खरा होता. पण काढलेली ओळ काहीतरी काम करत होती, आणि ते काम दुसऱ्या सुरक्षित वाटेने व्हायला हवं होतं. हे पाच वर्षं कोणाला दिसलं नाही; तपासायला लीप सेकंदच हवा होता, आणि मधल्या काळात तो एकदाच आला होता.

त्यानंतर स्टुल्ट्झ यांनी जे केलं ते या सगळ्या हकिगतीतलं मला सगळ्यात आवडणारं काम आहे. कर्नलच्या चाचण्यांत त्यांनी एक छोटा प्रोग्राम ठेवला, लीप-अ-डे. तो रोज मध्यरात्री लीप सेकंद घालतो. तेवढंही थांबायचं नसेल तर घड्याळ मध्यरात्रीच्या काही सेकंद आधी नेऊन लागलीच घालतो. दुसरा प्रोग्राम आहे, लीप-क्रॅश. लीप सेकंदाच्या डेडलॉकचं प्रात्यक्षिक अशी त्याची ओळख फाइलीच्या माथ्यावरच दिली आहे. आणि २०१३ मध्ये त्यांनी लॉकडेपला तो सम-विषम आकडा पाहायला शिकवलं, तोच जो २००९ मध्ये त्याला दिसला नव्हता.

यापुढचा

२०१६ च्या डिसेंबरनंतर एकही लीप सेकंद आलेला नाही. पृथ्वी गेली काही वर्षं थोडी वेगाने फिरते आहे. २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं की २०३५ पर्यंत हा रिवाज बदलायचा. पण त्याआधी पृथ्वीने घड्याळाला मागे टाकलं, तर सेकंद घालायच्या ऐवजी काढावा लागेल: २३:५९:५८ नंतर थेट शून्य. डंकन ॲग्न्यू यांनी २०२४ मध्ये नेचरमध्ये मांडलेल्या हिशेबानुसार अशी वेळ २०२९ च्या सुमारास येऊ शकते. १९७२ पासून एकदाही असं झालेलं नाही. सेकंद काढण्याची फांदी लिनक्समध्ये केव्हाची लिहिलेली आहे, जगातल्या कोट्यवधी यंत्रांत आहे, आणि खऱ्या कामात तिच्यावरून एकही यंत्र अजून गेलेलं नाही.

लीप-अ-डे एका फेरीत सेकंद घालतो, पुढच्या फेरीत काढतो.